मलिक अंबर : वेळ ओळखून कामाची रीत बदलणारा कारभारी

गेल्या जूनमध्ये शाळेत पर्यवेक्षिकेची जबाबदारी माझ्याकडे आली. वीस वर्षं वर्गात शिकवलं होतं, त्यामुळे वाटलं होतं की हे काही फार अवघड जाणार नाही. पण मुलांचा वर्ग सांभाळणं वेगळं आणि स्टाफरूम सांभाळणं वेगळं, हे पहिल्या महिन्यातच कळलं. हजेरी आणि माहिती मोबाईलवर भरायची म्हणून मी सगळ्यांना एकच नियम लावला. एक ज्येष्ठ सर आपली वही सोडायला तयार नाहीत, नवीन शिक्षक वहीकडे बघायलाही तयार नाहीत. झालं असं की दोन्हीकडची नाराजी मी ओढवून घेतली.

त्याच दिवसांत इतिहासाच्या तासाला मलिक अंबर यांचं नाव आलं. शाळेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात, त्या वाचून आपण पुढे जातो. एका मुलीने विचारलं की बाजारात विकला गेलेला मुलगा एवढ्या मोठ्या राज्याचा कारभारी झाला तरी कसा? मी काहीतरी उत्तर दिलं, पण माझं मलाच ते पटलं नाही. मग घरी येऊन वाचायला बसले. जे हाती लागलं ते मुलांना तर सांगावंच, पण ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात त्या मोठ्यांनीही ऐकावं असं आहे, म्हणून हा लेख.

इ.स. १५४८ च्या आसपास इथिओपियात, म्हणजे आपण ज्याला हबश म्हणतो त्या मुलखात, एका गरीब घरात हा मुलगा जन्मला. नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राच्या काठी मोखा बंदर आहे, तिथे त्याची विक्री झाली. पुढे तो बगदादला मीर कासिम नावाच्या माणसाकडे गेला. या मालकाने मुलाची हुशारी ओळखली. त्याला लिहा-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, इस्लामची तालीम दिली आणि अंबर हे नाव ठेवलं. आई-वडील, गाव, भाषा, नाव, सगळं सुटलेलं एक पोर नव्या भाषेत, नव्या घरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. ही त्याच्या आयुष्यातली पहिली मोठी बदली, आणि ती त्याने स्वतः मागितलेली नव्हती.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान मंगोलांचा तो प्रसिद्ध चंगेज नव्हे, नावावरून मुलं गोंधळतात. हा स्वतः हबशी होता, कधीकाळी गुलामच होता, आणि त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी होते. त्या काळच्या दख्खनमध्ये लष्करी गुलामगिरी ही वेगळीच व्यवस्था होती. गुलामाला घोडा, शस्त्र आणि कारभार शिकवत, मालक मेला की तो बहुधा मोकळा होई, आणि अंगात कर्तबगारी असेल तर वर चढायला वाव असे. चंगेजखानाच्या हाताखाली अंबरने दरबार जवळून पाहिला. फौजेचा पगार कुठून येतो, किल्ल्यात धान्य किती दिवसांचं ठेवतात, कोणता सरदार कोणावर रुसला आहे, हे सगळं तिथे रोजचं होतं. पण १५७४-७५ मध्ये राजाच्या मनात संशय भरवला गेला आणि चंगेजखान त्याला बळी पडला. त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केलं.

इथून पुढची वीस वर्षं मात्र फारशी कोणी सांगत नाही. मला तीच महत्त्वाची वाटतात. हातात पद नाही, पाठीशी घराणं नाही, भाईबंद नाहीत. कधी या सरदाराकडे, कधी त्या दरबारात, असं भटकत ते चाकरी करत राहिले. विजापूरच्या आदिलशाहीत त्यांनी नोकरी केली, मलिक हा किताब तिथलाच. तिथे माणसांसाठी पुरेसा खर्च मिळेना म्हणून तीही सोडली आणि १५९५ च्या सुमारास दीडशे घोडेस्वार घेऊन अहमदनगरला परत आले. अभंगखान नावाच्या हबशी सरदाराच्या हाताखाली ते उभे राहिले. वय तोपर्यंत पंचेचाळीस पार. आपल्याकडे या वयात लोक बदलीचा अर्ज करून गावाजवळची शाळा मागतात!

तेव्हा अकबर बादशहाची फौज दख्खनमध्ये उतरली होती. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला पहिल्या वेढ्यात राखला, ती कथा आपल्या घराघरात माहीत आहे. पण १६०० मध्ये चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, किल्ला मुघलांच्या हाती पडला, आणि बालराजा बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं गेलं. राजधानी गेली, राजा गेला. निजामशाही संपली असंच कोणीही म्हटलं असतं.

मलिक अंबर यांनी तसं मानलं नाही. निजामशाही घराण्यातला एक वारस त्यांनी शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा दुसरा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः पेशवा झाले. राजधानी कुठे, तर जिथे राजा आहे तिथे. आधी परांडा, पुढे जुन्नर, नंतर दौलताबाद. बरोबर आलेल्या दीडशे स्वारांचे पाहता पाहता काही हजार झाले होते. मुघलांनी जिंकलेल्या मुलखात किल्ला त्यांचा होता, पण किल्ल्याबाहेरचं रान, घाट आणि गावं त्यांच्या हाती पूर्ण कधी आलीच नाहीत. अंबर यांनी नेमकी तीच जागा धरली.

सुरुवातीला मारही खाल्ला. १६०२ मध्ये नांदेडजवळ मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान यांचा मुलगा इरज याच्याशी समोरासमोर लढाई झाली. अंबर जखमी होऊन पडले, हबशी स्वारांनी त्यांना उचलून बाहेर काढलं म्हणून जीव वाचला. त्यानंतर त्यांनी काय केलं? खानखानानशी तह केला. घरात राजू दखनी नावाचा सरदार त्यांच्या बरोबरीने अर्धं राज्य अडवून बसला होता. दोन आघाड्यांवर लढण्याची ताकद नाही हे ओळखून त्यांनी मोठ्या शत्रूशी हात मिळवला आणि १६०७ मध्ये राजूचा बंदोबस्त केला. तिकडे अकबराचं निधन झालं होतं, जहांगीर नुकता गादीवर आला होता आणि त्याच्या मुलानेच बंड केलं होतं. तेवढी सवड यांना पुरली.

आता लढण्याच्या पद्धतीकडे येऊ, कारण खरा बदल इथे आहे. मुघल फौज म्हणजे चालतं शहर. तोफा, हत्ती, तंबू, बाजार, खजिना, आणि या सगळ्यांना लागणारं धान्य वंजाऱ्यांच्या बैलांवरून मागून येणार. मैदानात अशा फौजेपुढे टिकणं कठीण, हे नांदेडला कळलं होतं. पण इतका मोठा पसारा असला की उपास काढता येत नाही. मराठा स्वारांकडे लहान, काटक घोडे होते. घाटवाटा त्यांना पायाखालच्या होत्या. एका वेळच्या भाकरीवर ते दिवस काढत. अंबर यांनी या स्वारांना आपल्या लढाईचा मुख्य आधार केलं. शत्रू पुढे आला की मागे सरायचं, रात्री छावणीच्या कडेवर तुटून पडायचं, रसद कापायची, गवत जाळायचं, आणि शत्रू वैतागून परत फिरला की त्याच्या पाठीला लागायचं. बारगीगिरी म्हणून ही रीत ओळखली गेली. आपण तिला गनिमी कावा म्हणतो. ही त्यांनी शून्यातून शोधली असं म्हणणं बरोबर होणार नाही. दख्खनमध्ये अशा चकमकी आधीही होत होत्या. एका अख्ख्या राज्याचा बचाव मात्र त्यांनी या पद्धतीवर उभा केला.

या फौजेत होतं कोण? १६१० च्या सुमारास विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी हिंदुस्थानात होता. त्याने ऐकून लिहिलं की अंबर यांच्याकडे सुमारे १०,००० त्यांच्या जातीचे, म्हणजे हबशी, आणि ४०,००० दखनी लोक आहेत. आकडा थोडा इकडे-तिकडे धरा. त्या दखनींमध्ये मराठे मोठ्या संख्येने होते. भोसले आणि सिंदखेडचे जाधव ही घराणी निजामशाहीच्या चाकरीत होती. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे यांची कारकीर्द याच दरबारात घडली. हबशी माणसाने आपल्या भाईबंदांवरच राज्य चालवायचं ठरवलं असतं तर ते दहा हजारांचं राज्य झालं असतं. ज्या मुलखात आलो त्या मुलखातल्या माणसांची लढण्याची सवय त्यांनी आपली केली. हबशी स्वारांना मराठ्यांसारखं लढायला लावलं, मराठ्यांना हबशी बनवायचा खटाटोप केला नाही.

या रीतीचा कस १६११-१२ मध्ये लागला. जहांगीरने दोन फौजा पाठवायचं ठरवलं. अब्दुल्लाखान गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने येणार, दुसरी फौज वऱ्हाडातून, आणि दौलताबादजवळ दोन्ही मिळून अंबर यांना चिमट्यात धरणार. बेत कागदावर उत्तम होता. अब्दुल्लाखानाने घाई केली, दुसऱ्या फौजेची वाट न पाहता तो पुढे घुसला. मराठा टोळ्यांनी त्याला झोपू दिलं नाही की खाऊ दिलं नाही. मोठी लढाई अशी झालीच नाही, आणि तरीही तो बागलाणमार्गे धडपडत गुजरातेत परतला. हे ऐकून वऱ्हाडची फौजही माघारी वळली. अहमदनगरचा किल्ला तर १६१० मध्येच अंबर यांनी परत घेतला होता.

जहांगीर बादशहाचा किती जळफळाट झाला असेल याचा एक पुरावा आजही आहे. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात त्या मस्तकाला तो कधी हात लावू शकला नाही. चित्रात तरी हौस भागवली म्हणायची.

लढाईच्या गोष्टी मुलांना आवडतात. मला स्वतःला मात्र त्यांचा महसूल जास्त भावला. शेतसारा गोळा करायची तेव्हाची पद्धत इजाऱ्याची होती. जो जास्त बोली लावेल त्याला गावांची वसुली मिळे, आणि तो रयतेला पिळून आपली बोली दामदुपटीने वसूल करी. अंबर यांनी इजारा बंद केला. गावचे पाटील-कुलकर्णी यांची घडी पुन्हा बसवली. कारकुनी ब्राह्मण कारभाऱ्यांकडे आणि वरची देखरेख मुसलमान अंमलदारांकडे ठेवली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरू लागला. आता पुढचं नीट बघा. पहिल्यांदा त्यांनी रोख रक्कम ठरवून दिली नाही. आधी काही वर्षं प्रत्यक्ष पिकाचा वाटा धान्यात घेतला, साधारण पाचात दोन भाग. त्या अनुभवावरून कोणत्या गावात किती पिकतं याचा अंदाज पक्का झाला, तेव्हा त्याचं रोखीत रूपांतर केलं, आणि ते करताना सारा पिकाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच बसत असे, असं परंपरा सांगते. शिवाय दरवर्षी किती जमीन लागवडीखाली आली ते पाहून तो ठरत असे. पाऊस दरवर्षी सारखा नसतो, मग सारा सारखा कसा असेल?

मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि आमच्या शाळेतल्या मोबाईलच्या नियमाचा विचार करत बसले. मी आधी हुकूम काढला होता, माणसं कशी काम करतात ते नंतर बघणार होते. अंबर यांनी आधी काही हंगाम बघितलं.

ही सारापद्धत मुलखात इतकी रुजली की पुढच्या काळात मलिकंबरी धारा म्हणूनच ती ओळखली गेली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जमिनीची घडी बसवली, तीही याच वळणावर.

१६१० मध्ये दौलताबादजवळच्या खडकी या छोट्या गावी त्यांनी शहर वसवायला घेतलं. जागा मोक्याची, पण पाणी नाही. खाम नदीच्या भरवशावर मोठं शहर उभं राहणार नव्हतं. अंबर यांच्या माणसांनी उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखाली झिरपणारं पाणी अडवलं आणि जमिनीखालूनच बांधीव नळांमधून, फक्त उताराच्या जोरावर, शहरात आणलं. ठिकठिकाणी हवेसाठी आणि साफसफाईसाठी उभी भोकं ठेवली. हीच नहर-ए-अंबरी. इराण-इराकमध्ये जमिनीखालून पाणी नेण्याची रीत जुनी आहे, आणि अंबर यांचं बालपण बगदादला गेलं होतं. पण इथे खडक काळा, पाऊस चार महिन्यांचा, उतार वेगळा. बाहेरची युक्ती इथल्या जमिनीला बसवून घेतली गेली. नहरीचे काही भाग विसाव्या शतकापर्यंत पाणी देत होते.

शहरात जामा मशीद बांधली, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा केला. वस्त्यांना मराठा सरदारांची नावं मिळाली: मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. भोसले घराण्यातल्या मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांच्यावरून ती पडली असं सांगितलं जातं. सरदारांना फक्त तनखा दिला की ते पोटासाठी राहतात. शहरात त्यांच्या नावाची पेठ असली की ते शहर त्यांचंही होतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की या माणसाचं सगळंच बरोबर होतं. तसं नव्हतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. स्वतः गादीवर बसवलेला मुर्तजा त्यांना डोईजड झाला. मुर्तजाच्या थोरल्या बेगमने अंबर यांच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, आणि त्यानंतर अंबर यांनी राजा व ती बेगम दोघांना विष देवविलं, अशी हकिकत एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. १६१० मध्ये मुर्तजाचा लहान मुलगा गादीवर बसला आणि सगळी सत्ता अंबर यांच्या हाती राहिली. मुलखाशी, पाण्याशी, पावसाशी जुळवून घेणारा हा माणूस बरोबरीच्या माणसाचा अपमान आणि विरोध मात्र सहन करू शकत नव्हता. हातात अधिकार जितका वाढला तितकं हे वाढलं.

किंमत लवकरच मोजावी लागली. १६१५-१६ मध्ये काही हबशी आणि मराठे सरदार अंबर यांच्यावर नाराज होऊन वऱ्हाडात बाळापूरला मुघलांना जाऊन मिळाले. तिथला मुघल सेनापती शाहनवाजखान म्हणजे दुसरा कोणी नाही, नांदेडला ज्याने अंबर यांना जखमी केलं होतं तोच इरज. या सरदारांना अंबर यांच्या सगळ्या वाटा, सगळ्या युक्त्या माहीत होत्या. आणि पंधरा वर्षं ज्याने शक्यतो मैदानी लढाई टाळली त्याच माणसाने या वेळी जालन्याजवळ रोशनगाव इथे फौज समोरासमोर उभी केली. मोठा पराभव झाला. मुघलांनी खडकी लुटली, जाळली. सहा वर्षांत उभं केलेलं शहर काही दिवसांत राख झालं.

तेव्हा त्यांचं वय अडुसष्टच्या घरात होतं. खडकी पुन्हा बांधायला घेतली. १६१७ मध्ये शहजादा खुर्रम मोठी फौज घेऊन आला तेव्हा लढले नाहीत. अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख देऊन तह केला. याच मोहिमेनंतर खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. तो परत गेला, आणि १६२० मध्ये अंबर यांनी दिलेला बराचसा मुलूख परत घेतला. शाहजहान पुन्हा आला, खडकी पुन्हा जळाली, पुन्हा तह. कोणी म्हणेल हा शब्दाचा कच्चेपणा आहे. मुघलांच्या बाजूने बघितलं तर तसं दिसेलही. पण दुबळ्या राज्याच्या हातात हीच दोन हत्यारं होती: वाकायचं कधी आणि उठायचं कधी हे ओळखणं.

१६२४ मध्ये परीक्षेचा सगळ्यात कठीण प्रसंग आला. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने मुघलांशी हातमिळवणी केली. अंबर यांनी मुघल सरदारांना या भांडणात पडू नका अशी विनंती करून पाहिली, ती कोणी ऐकली नाही. दोन मोठ्या फौजा एकत्र होऊन मागे लागल्या. अंबर मागे सरत सरत अहमदनगरजवळ भातवडीला आले. तिथे मोठा तलाव होता. त्यांनी तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या तळाच्या बाजूला सोडलं. सगळीकडे चिखल झाला, तोफा आणि हत्ती रुतले, रसदीची वाट बंद झाली. रात्री छापे सुरू झाले. उपासमारीने हैराण झालेले शिपाई छावणी सोडू लागले, आणि मग अंबर यांनी हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, कित्येक मोठे सरदार कैद झाले. या लढाईत शहाजीराजे अंबर यांच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. शहर वसवताना पाणी आणणाऱ्या माणसाने शहर वाचवायलाही पाणीच वापरलं.

या विजयानंतर त्यांनी सोलापूरचा किल्ला घेतला, विजापूरला वेढा घातला. त्याच काळात बापाविरुद्ध बंड करून पळत सुटलेला शाहजहान दख्खनमध्ये आला. ज्याने खडकी जाळली होती तो आता आसऱ्याला होता. अंबर यांनी जुनं वैर बाजूला ठेवून त्याला मदत केली, दोघांच्या फौजांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घातला.

पण भातवडीच्या विजयानंतर वर्षभरातच शहाजीराजे निजामशाही सोडून विजापूरला गेले. दरबारात आपला मान राखला जात नाही, ही त्यांची भावना होती. सिंदखेडचे लखुजी जाधव त्याआधीच मुघलांकडे गेले होते. लढाई जिंकली आणि माणसं गमावली, हे दुसऱ्यांदा झालं.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर यांचा इंतकाल झाला. वय सुमारे अठ्ठ्याहत्तर. जहांगीर आयुष्यभर त्यांना शिव्या देत राहिला, पण त्याच्याच दरबारातल्या मुतमदखानाने त्यांच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती अशा अर्थाचं लिहिलं आहे. मुलगा फत्तेखान कारभारी झाला. त्याच्याकडे बापाची सत्ता आली, नजर आली नाही. सात वर्षांत, १६३३ मध्ये, त्याने दौलताबाद मुघलांना देऊन टाकलं, आणि १६३६ मध्ये निजामशाही पूर्ण संपली. अंबर यांनी राज्याची घडी बसवली, पण स्वतःच्या पश्चात ती चालवील असा माणूस तयार केला नाही, किंवा जे तयार होते त्यांना टिकवलं नाही.

मलिक अंबर यांची कबर खुलताबादला आहे, जवळच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांची. गेल्या हिवाळ्यात मुलांना सहलीला घेऊन गेलो. दर्ग्यांकडे गर्दी होती, इकडे फारसं कोणी नव्हतं. जहांगीरचा नातू औरंगजेब याने पुढे याच खडकीला आपलं नाव दिलं, नहरीचं पाणी प्यायला, आणि तोही याच गावात दफन आहे. प्रश्न विचारणारी ती मुलगी बरोबर होती. कबरीवर नाव शोधत तिने मला आणखी एक प्रश्न विचारला: शहाजीराजे गेले तेव्हा अंबर यांनी त्यांना परत बोलावलं का नाही?

शाळेत परतल्यावर मी त्या ज्येष्ठ सरांशी बोलले. आता ते वहीत हजेरी घेतात, आणि शेवटच्या तासाला एक नवीन शिक्षिका त्यांच्या शेजारी बसून ती मोबाईलवर भरते. सर तिला जुन्या विद्यार्थ्यांच्या घरांची माहिती सांगतात. परवा त्यांनी मोबाईल स्वतःच्या हातात मागून घेतला.